बुरशी, प्रथिनं पचवणारी एन्झाइम्स आणि आपलं सोयाबीन

मृद्गंधा_दारव्हा

नमस्कार मंडळी,

परतीच्या पावसात सोंगलेलं सोयाबीन भिजलं की माझे फोन सुरू होतात. "मॅडम, गंजीत बुरशी आली, ढोरायले कुटार चारू का?" मी तालुक्याच्या ठिकाणी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, त्यामुळे हे प्रश्न माझ्याकडे येणारच. उत्तर एका शब्दात देता येतं : नका. पण ती बुरशी दाण्याचं नेमकं काय करते, हे कोणी विचारत नाही. बुरशीच्या ह्याच कामावर जगात मोठमोठे कारखाने चालतात आणि त्यांना लागणारा कच्चा माल आपल्या बाजार समितीतून ट्रक भरून बाहेर जातो. म्हणून हा धागा.

बुरशीला तोंड नाही, पोट नाही. ती जिथे वाढते तिथेच पाचक रस सोडते, अन्न अंगाबाहेरच विरघळवते आणि मग शोषून घेते. सोयाबीनच्या दाण्यात साधारण ४० टक्के प्रथिनं असतात. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांबच लांब साखळी. ती अख्खी बुरशीच्या पेशीत शिरत नाही. म्हणून बुरशीचे तंतू वाढत्या टोकाशी प्रोटिएझ प्रकारची एन्झाइम्स बाहेर सोडतात. काही प्रोटिएझ साखळी मधेच तोडतात, काही टोकापासून एकेक अमिनो आम्ल सुटं करतात. दोघं मिळून काम करतात तेव्हाच प्रथिन पुरतं पचतं.

हे डोळ्यांनी बघता येतं. आमच्या प्रयोगशाळेत साय काढलेल्या दुधाची पावडर अगारमध्ये (समुद्री शेवाळापासून काढलेल्या, जेलीसारख्या घट्ट होणाऱ्या पदार्थात) मिसळून पेट्री डिश ओततो. थंड झाली की ती पांढरीशुभ्र, अपारदर्शक होते. मधोमध बुरशीचा ठिपका ठेवायचा. दोन-तीन दिवसांत बुरशीभोवती काचेसारखं स्वच्छ कडं उमटतं, कारण तिथलं केसीन, म्हणजे दुधातलं मुख्य प्रथिन, पचलेलं असतं. डिशखाली छापील कागद ठेवला तर कड्यातून अक्षरं वाचता येतात, बाकी डिशमधून काही दिसत नाही. कडं जितकं रुंद, तितकी ती बुरशी प्रोटिएझच्या बाबतीत कामाची. पुढचं मोजमाप वेगळं करावं लागतं, पण पहिली निवड अशीच होते.

उद्योगात सगळ्यात जास्त नाव ॲस्परजिलस ओरायझीचं. जपानी लोक वाफवलेल्या तांदळावर आणि सोयाबीनवर ती शेकडो वर्षं वाढवत आलेत. त्या वाढवलेल्या मालाला कोजी म्हणतात. ही एकटी बुरशी आम्लधर्मी, उदासीन आणि अल्कधर्मी अशा तिन्ही सामूंत (पीएचमध्ये) चालणारी प्रोटिएझ बनवते. सोया सॉस असाच होतो : सोयाबीन आणि गहू यांच्यावर कोजी वाढवायची, मग सगळं खाऱ्या पाण्यात घालून महिनोन्‌महिने मुरू द्यायचं. प्रथिनं तुटून ग्लुटामिक आम्ल सुटतं, चवीचा दाटपणा त्यातून येतो. २००६ साली जपानच्या मद्यनिर्मिती क्षेत्रातल्या शास्त्रीय संस्थेनं कोजीला 'राष्ट्रीय बुरशी' जाहीर केलं. 

या बुरशीचं एन्झाइम वेगळं काढून विकण्याची सुरुवात जपानी रसायनशास्त्रज्ञ जोकिची ताकामिने यांनी केली. त्यांनी अमेरिकेत १८९४ साली पेटंट घेतलं आणि बुरशी वाढवली ती गव्हाच्या कोंड्यावर. आपण म्हशीला घालतो तोच कोंडा. त्यांचं मुख्य एन्झाइम स्टार्च पचवणारं होतं, पण ओल्या कोंड्यावर बुरशी वाढवायची ही पद्धत प्रोटिएझसाठी आजही वापरात आहे.

प्रश्न विचारा, अनुभव लिहा. ज्यांच्या कामात हे येतं त्यांनी तर नक्की लिहा.

---

गजू_आर्णी

ताई, चांगला विषय काढला. मले एक सांगा. आमच्या सुडीत यंदा पिवळी-हिरवी बुरशी होती. सुडी उकलली त आतून गरम वाफा निंगल्या, हात ठेवणं होत नव्हतं. तुमी म्हणता ते जपानवालं बी पिवळं-हिरवंच दिसते म्हणे. मंग आपली काऊन खराब अन्‌ त्यायची काऊन चांगली?

---

मृद्गंधा_दारव्हा

गजूभाऊ, अगदी मुद्द्याचं विचारलंत. ॲस्परजिलस ओरायझी आणि ॲस्परजिलस फ्लेवस या दोघी इतक्या जवळच्या आहेत की ओरायझी ही फ्लेवसचीच माणसाळलेली जात मानतात. फ्लेवसचे बरेच वाण अफ्लाटॉक्सिन नावाचं विष बनवतात, ते यकृतावर जातं आणि कर्करोगाला कारण ठरतं. ओरायझीनं ही क्षमता गमावली आहे. डोळ्यांनी, रंगावरून दोघींतला फरक सांगता येत नाही, मलाही नाही. म्हणून गंजीवर, ढेपीवर, मक्यावर आपोआप आलेली बुरशी कितीही 'चांगली' दिसली तरी ती खाण्यात किंवा चाऱ्यात येऊ द्यायची नाही. दुभत्या जनावरानं अफ्लाटॉक्सिन खाल्लं तर त्याचाच एक प्रकार दुधात उतरतो. उन्हात वाळवून किंवा शिजवून हे विष जात नाही.

वाफ निघते ती सूक्ष्मजीवांच्या श्वसनाची उष्णता. कारखान्यात कोंड्यावर बुरशी वाढवतात तेव्हाही हीच अडचण येते. थर जाड झाला की आतून तापतो, ४० अंशांच्या वर गेला की ओरायझीची वाढ खुंटते. म्हणून माल पातळ थरात पसरतात, अधूनमधून हलवतात, खालून दमट हवा सोडतात.

---

अनघा_वर्धा

खूप छान लिहिलंय. मला चीजबद्दल विचारायचं आहे. सासूबाई चीज खात नाहीत, कारण त्यात वासराच्या पोटातलं काही घालतात असं त्यांनी ऐकलंय. पाकिटावर तर हिरवा ठिपका असतो. खरं काय?

---

मृद्गंधा_दारव्हा

सासूबाईंनी ऐकलंय ते पूर्वीच्या युरोपी चीजच्या बाबतीत खरं आहे. दूध पिणाऱ्या वासराच्या चौथ्या जठरात कायमोसिन हे प्रोटिएझ असतं. ते दुधातल्या कॅपा-केसीनचा एकच ठरावीक बंध तोडतं, १०५ आणि १०६ क्रमांकाच्या अमिनो आम्लांमधला. तेवढ्यानं दूध घट्ट जमतं. प्रथिन फार चिरडलं जात नाही, हे महत्त्वाचं.

१९६० च्या दशकात चीजची मागणी वाढली आणि वासराचं रेनेट, म्हणजे जठरातून काढलेलं हे दूध जमवणारं एन्झाइम, पुरेना. तेव्हा जपानमध्ये केइ अरिमा यांच्या गटानं म्युकर पुसिलस बुरशीत असंच काम करणारं एन्झाइम शोधलं. पुढे तिची बहीण म्युकर मिहाय उद्योगात जास्त चालली. आता दोघींचं कुळ ऱ्हायझोम्युकर झालंय. या बुरशीच्या रेनेटमध्ये कुठलाही प्राणी नाही. दोष एवढाच की ते केसीन इतर ठिकाणीही थोडंफार तोडतं, त्यामुळे फार दिवस मुरवलेल्या चीजला कडवटपणा येऊ शकतो.

तिसरा मार्ग १९९० साली खुला झाला. वासराच्या कायमोसिनच्या जनुकाची प्रत सूक्ष्मजीवात घालून एन्झाइम बनवायला अमेरिकेत त्या वर्षी मंजुरी मिळाली. आता बरंचसं कायमोसिन ॲस्परजिलस नायजरमध्ये असंच तयार होतं. जनुक वासराचं, कारखाना बुरशीचा. हे चालतं की नाही हे ज्यानं त्यानं ठरवावं, पण वासरू मात्र मारावं लागत नाही.

आणि पनीरची काळजीच नको. पनीर लिंबानं किंवा सायट्रिक ॲसिडनं फाडतात, त्यात एन्झाइम नसतंच.

---

पांढरकवडा_बेकरी

आमची छोटी बेकरी आहे. मैद्यात ग्लुटेन जास्त आलं की बिस्किट लाटल्यावर आखडतं, भाजताना वेडंवाकडं होतं. बरेच जण त्यासाठी सोडियम मेटाबायसल्फाइट वापरतात. माल विकणारा सांगतो की आता फंगल प्रोटिएझ घ्या. फरक पडतो का?

---

मृद्गंधा_दारव्हा

दादा, पडतो. मेटाबायसल्फाइट ग्लुटेनमधले गंधकाचे जोड सोडवतं, प्रोटिएझ थेट साखळी तोडतं. परिणाम सारखाच, पीठ सैल पडतं. सल्फाइटचा काही दमेकऱ्यांना त्रास होतो, त्यामुळे एन्झाइमकडे कल वाढतोय. पाकिटावर २२३ लिहिलं असेल तर ते मेटाबायसल्फाइट, ११०१ असेल तर प्रोटिएझच्या गटातलं एन्झाइम. वापरताना दोन गोष्टी सांभाळा : सल्फाइट लगेच काम करतं, एन्झाइमला वेळ द्यावा लागतो. आणि ते थांबत नाही. पीठ मळून ठेवलं आणि लाइट गेली, भट्टी उशिरा पेटली, तर पीठ आणखी सैल होत जाईल. मेमधे तर फारच लवकर. ब्रेडच्या पिठात अंदाजानं टाकू नका, पाव बसेल.

---

कोसावाली_आरमोरी

आमच्याकडे ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर कोसा घेतात. ढिवर समाजातल्या कितीतरी घरांचं पोट यावर आहे. धागा काढण्याआधी कोसा सोड्याच्या पाण्यात खूप वेळ उकळावा लागतो. सरपण भरपूर जातं आणि बायकांचे हात सोड्यानं सोलवटतात. प्रथिनं पचवणारं एन्झाइम म्हटल्यावर माझ्या मनात तेच आलं. रेशमाचा डिंक हे प्रथिनच ना?

---

मृद्गंधा_दारव्हा

हो ताई! रेशमाच्या धाग्यात दोन प्रथिनं असतात. आतलं फायब्रोइन म्हणजे खरा धागा, बाहेरचं सेरिसिन म्हणजे चिकट डिंक. फायब्रोइनची रचना घट्ट, स्फटिकासारखी असते, प्रोटिएझला तिथे सहज शिरकाव मिळत नाही. सेरिसिन मात्र पटकन तुटतं. म्हणून बेतानं वापरलं तर डिंक जातो आणि धागा राहतो.

निसर्गात हे काम पतंग स्वतः करतो. कोशातून बाहेर येताना तो तोंडातून कोकूनेझ नावाचं प्रोटिएझ सोडतो, कोशाचं टोक मऊ करतो आणि वाट काढतो. तुम्ही भोक पडलेले कोसे पाहिले असतील, ओलसर टोकाचे.

कोसा तुतीच्या रेशमापेक्षा टणक असतो, कारण त्याच्या भिंतीत कॅल्शियम ऑक्झलेट आणि टॅनिन असतं. नुसतं एन्झाइम कोरड्या कोशावर टाकून भागत नाही. आधी वाफवून किंवा थोडं उकळून भिंत भिजवावी लागते, मग कोमट पाण्यात एन्झाइम. सरपण वाचतं ते इथे, कारण पुढचा सगळा वेळ उकळी लागत नाही. पपईच्या चिकातलं पपेन, अननसाचं ब्रोमेलेन आणि बुरशीची प्रोटिएझ, तिन्हींवर काम झालंय. टसरसाठी, म्हणजे कोशासाठीच, रांचीला केंद्रीय संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. तुमच्या गटानं तिथे लिहून प्रात्यक्षिक मागावं असं मला मनापासून वाटतं. सोड्यानं बायकांचे हात जाताहेत हे कारणच पुरेसं आहे.

---

कोसावाली_आरमोरी

धन्यवाद ताई. गटाच्या बैठकीत ठेवते.

---

संजय_मंगरूळपीर

सोयाबीनवर एक वेगळी गोष्ट दरवर्षी दिसते. पावसाची झड लागली की पानावर अळ्या मरून चिकटलेल्या असतात. आधी पांढऱ्या, पीठ लावल्यासारख्या, मग फिक्या हिरव्या. बोट लावलं तर काडीसारख्या कडक. फवारणी केलेली नसते. हीपण बुरशीच का?

---

मृद्गंधा_दारव्हा

संजयभाऊ, ही माझ्या सगळ्यात आवडीची बुरशी. नोमुरिया रायलेयी, आताच्या वर्गीकरणात मेटाऱ्हायझियम रायलेयी. पानं खाणाऱ्या स्पोडोप्टेरावर आणि उंटअळीवर येते. तिचं प्रथिनं पचवणं तुमच्या वावरात, फुकटात चालू असतं.

अळीची कातडी म्हणजे कायटिनचे धागे आणि त्यांच्यात ठासून भरलेलं प्रथिन. बीजाणू कातडीवर पडला, ओल मिळाली की रुजतो आणि चिकटून बसतो. मेटाऱ्हायझियम कुळातल्या बुरशा मग पीआर-१ नावाचं प्रोटिएझ सोडतात. प्रथिन आधी कापलं जातं, त्यामुळे कायटिन उघडं पडतं, मग कायटिनेझ त्याच्यावर काम करतं. एन्झाइम वाट मऊ करतं आणि बुरशीचा तंतू जोर लावून आत घुसतो. आतून अळी खाऊन झाली की बुरशी पुन्हा कातडीबाहेर येते, ती पांढरी अवस्था. बीजाणू तयार झाले की हिरवी. तुम्ही बोट लावता तेव्हा हजारो बीजाणू उडतात, पुढच्या अळ्यांसाठी.

म्हणून विनंती : पांढऱ्या-हिरव्या अळ्या जागोजागी दिसायला लागल्या की दोन दिवस थांबून पाहणी करा, आर्थिक नुकसानीच्या पातळीखाली असेल तर फवारू नका. त्या काळात बुरशीनाशक फवारलं तर रोगाबरोबर हा मित्रही जातो. मात्र तिला सतत दमटपणा लागतो. उघडीप पडली, ऊन तापलं की तिच्या भरवशावर राहता येत नाही.

---

शेतकरी_पुत्र_दिग्रस

बिव्हेरिया आणि मेटाऱ्हायझियम या किडी मारणाऱ्या बुरशांची पाकिटं आम्ही घेतली होती, एका नामवंत म्हणवणाऱ्या कंपनीची. काहीही परिणाम नाही. पैसे गेले. दुकानदार म्हणे तुमचं पाणीच खराब.

---

मृद्गंधा_दारव्हा

भाऊ, तुमचा राग रास्त आहे. पाकिटात जिवंत बीजाणू असतील तरच पुढचं सगळं. दुकानाच्या पत्र्याखाली एप्रिल-मे काढलेलं पाकीट मृतच समजा. घेताना उत्पादनाची तारीख बघा, सावलीत ठेवलेलं मागा, शक्यतो कृषी विद्यापीठ किंवा कृषी विज्ञान केंद्राच्या प्रयोगशाळेचं घ्या. तपासणी घरीही जमते : भात अर्धवट शिजवून, उकळत्या पाण्यातून काढलेल्या बाटलीत गार करून, त्यावर चिमूटभर पावडर टाकून कापसाचा बोळा लावून सावलीत ठेवा. आठवड्याभरात बिव्हेरियाची पांढरी किंवा मेटाऱ्हायझियमची हिरवी वाढ दिसली नाही तर माल निकामी. वाढ दिसली म्हणजे माल शुद्ध असं नाही, पण काहीच न उगवणं बोलकं आहे. बाटली उघडून हुंगू नका, तपासून झाल्यावर पुरून टाका. फवारणी संध्याकाळी, हवेत ओल असताना.

---

डॉ_वऱ्हाडी

रुग्ण नेहमी विचारतात म्हणून लिहितो. पचनाच्या सिरपवर 'फंगल डायास्टेज' लिहिलेलं असतं. ते ओरायझीचं असतं, पण ते स्टार्चवर काम करतं. प्रथिनांसाठी त्यात पेप्सिन किंवा पपेन वेगळं घालतात. सुजेसाठी देतात ती सेराशिओपेप्टिडेज बुरशीची नाही. ती रेशीमकिड्याच्या आतड्यात सापडलेल्या जिवाणूची. तिच्या उपयोगाचा पुरावा कमजोर आहे, मी स्वतः लिहून देत नाही.

बुरशीचं एक प्रोटिएझ मात्र आम्हाला फार उपयोगी पडतं : प्रोटिनेज के. १९७४ साली ट्रिटिरॅकियम आल्बम या बुरशीतून वेगळं केलं. केस-नखांतलं केराटिनही पचवतं, म्हणून नावात 'के'. नमुन्यातली प्रथिनं नष्ट करून डीएनए-आरएनए मोकळा करायला ते वापरतात. कोविडच्या कितीतरी तपासणी किटमध्ये ते होतं.

---

रेखा_हिंगणघाट

कपड्याच्या पावडरमधलं एन्झाइम पण बुरशीचंच का? जाहिरातीत डाग खाताना दाखवतात ते?

---

डॉ_वऱ्हाडी

ते बहुतेक बॅसिलस जिवाणूचं. साबणाच्या पाण्याचा सामू फार अल्कधर्मी, तिथे जिवाणूचं प्रोटिएझ जास्त टिकतं.

एक धोका इथेच सांगतो. १९६९ साली ब्रिटनमध्ये अशा कारखान्यातल्या कामगारांना दम्याचा त्रास झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकात आल्या. एन्झाइमची कोरडी धूळ श्वासात गेली की ॲलर्जी जडते. त्यानंतर पावडरऐवजी वरून लेप दिलेले दाणे वापरात आले. एन्झाइम जिवाणूचं असो की बुरशीचं, कोरडी पूड हाताळताना मास्क हवाच. भिजलेली गंजी थ्रेशरवर घालतानाही हेच. तोंडाला नुसता गमछा बांधून पुरत नाही.

---

वैभव_पुसद

बीएस्सी झालोय, नोकरी नाही. गावात सोयाबीन, कोंडा, तुरीची चुनी सगळं आहे. प्रोटिएझ बनवायचं छोटं युनिट टाकता येईल का? खरं खरं सांगा मॅडम.

---

मृद्गंधा_दारव्हा

वैभव, खरं सांगते. बुरशी वाढवणं हा अर्धाच भाग. ओला कोंडा निर्जंतुक करायचा, शुद्ध कल्चर पेरायचं, ३० अंशांच्या आसपास तीन-चार दिवस ठेवायचं, पाण्यानं एन्झाइम धुऊन काढायचं, इतकं तू करशील. पुढे गाळणं, संहत करणं, कमी तापमानात वाळवणं, आणि प्रत्येक घाण्याची ताकद मोजून लेबलवर लिहिणं, इथे भांडवल लागतं. जास्त तापवलं तर एन्झाइम निकामी. आपल्या उन्हाळ्यात गार खोली नसेल तर घाणाच्या घाणा जाईल. गिऱ्हाईकही पोत्यानं घेणारं नाही, ते दर वेळी तीच ताकद मागतं. चीज किंवा बेकरीसाठी द्यायचं तर अन्नसुरक्षा परवाना आणि विषारी घटकांची तपासणी आली. पहिल्या वर्षी यात उतरू नकोस.

पण दोन वाटा खुल्या आहेत. पहिली, कृषी विद्यापीठाचं प्रशिक्षण घेऊन ट्रायकोडर्मा (पिकांच्या रोगकारक बुरशीला मारणारी बुरशी), मेटाऱ्हायझियम बनवणं. तिथेही बुरशीची एन्झाइम्सच काम करतात, गिऱ्हाईक तुझ्या गावात आहे, आणि गुणवत्तेची तहान किती आहे ते वर दिग्रसच्या भाऊंनी लिहिलंच. विक्री करायची तर नोंदणी लागते, ती टाळू नकोस. दुसरी, चामडं, रेशीम असं जिथे खाण्याचा संबंध नाही तिथलं एन्झाइम. त्याला शुद्धता कमी चालते. कातडीवरचे केस काढायला सोडियम सल्फाइड वापरतात, त्याचं सांडपाणी फार वाईट. प्रोटिएझनं ते कमी करण्यावर चेन्नईच्या केंद्रीय चर्मसंशोधन संस्थेत वर्षानुवर्षं काम चालू आहे.

कल्चर मात्र पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या संग्रहातून किंवा चंडीगडच्या संग्रहातून विकत घे. गंजीवरून खरवडून आणलेलं नको. का, ते वर गजूभाऊंना लिहिलंय.

मला एक गोष्ट सलते. आपलं सोयाबीन तेल काढून ढेप होतं आणि कोंबड्यांच्या खाद्यात जातं. त्या ढेपेत ४५ टक्क्यांच्या वर प्रथिन असतं. त्याच प्रथिनावर बुरशी चालवून दुसरीकडे सॉस, चवीचे अर्क, पचायला हलकी प्रथिनं बनतात आणि आपल्याकडे महाग होऊन परत येतात. एवढं सोयाबीन पिकवणाऱ्या जिल्ह्यात, तालुक्याच्या एखाद्या महाविद्यालयात तरी, हे शिकवणारी आणि करून दाखवणारी प्रयोगशाळा हवी. मी आमच्याकडे त्यासाठी प्रस्ताव दिला आहे, मागे लागले आहे.

---

वैभव_पुसद

कळलं मॅडम. प्रशिक्षणाची चौकशी अकोल्याला करतो.

---

गुरुजी_घाटंजी

जिल्हा परिषदेच्या शाळेत आठवीच्या मुलांना हे दाखवायचं आहे. बुरशी वर्गात आणायची भीती वाटते. दुसरं काही?

---

मृद्गंधा_दारव्हा

गुरुजी, बुरशी आणूच नका. प्रोटिएझ पपईतही असतं, तेच वापरा. जुन्या एक्स-रे फिल्मवर जिलेटिनचा थर असतो, जिलेटिन प्रथिनच. त्यातच चांदीचे काळे कण अडकलेले असतात. कच्च्या पपईला चीर देऊन निघालेला चीक थोड्या पाण्यात कालवा. फिल्मचे दोन तुकडे घ्या. एकावर हा चीक, दुसऱ्यावर तोच चीक पण दहा मिनिटं उकळून गार केलेला. दोन्ही कोमट जागी झाकून ठेवा, सुकू देऊ नका. तासाभरानं नळाखाली धुवा. पहिल्यावर काळा थर निघून पारदर्शक डाग पडतो, दुसरा तसाच काळा राहतो. उकळल्यानं एन्झाइम मरतं हे मुलांना वेगळं सांगावं लागत नाही. थर दोन्ही बाजूंना असतो, तेव्हा चीक दोन्हीकडून लावा. चीक कातडीला झोंबतो, तो तुम्हीच हाताळा. मुलांना हातमोजे द्या.

फिल्म दवाखान्यात जुनी पडलेली मिळेल, पण आता बरेच एक्स-रे डिजिटल प्रिंटवर येतात, त्यावर जिलेटिनचा असा थर नसतो. जुन्या पद्धतीची, डेव्हलप केलेली फिल्मच मागा. आणि मुलांच्या हातात देण्याआधी कोपऱ्यातलं रुग्णाचं नाव कापून टाका.